सावलीचे मानकरी

आंतरमहाविद्यालयीन सॉफ्टबॉल स्पर्धा खरं तर थंडीत व्हायच्या असतात. पण थंडीत निधी नसतो. निधी येतो मार्चमध्ये, आणि ३१ तारखेच्या आत तो संपवला नाही तर आला तसा परत जातो. निधी परत जाण्यापेक्षा दोन-चार खेळाडू चक्कर येऊन पडलेले परवडतात, हा आपला जुना हिशेब. टोकियो ऑलिंपिकच्या वेळी ऊन फार म्हणून मॅरेथॉन उचलून थेट सापोरोला नेली होती. वास्तविक जपानचंही आर्थिक वर्ष ३१ मार्चलाच संपतं. पण त्याचा खेळासाठी कसा उपयोग करायचा, हे त्यांना कुणी शिकवलेलं दिसत नाही.

तर जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या मैदानावर, मार्चअखेरच्या उन्हात, मुलींचे सामने होते. पत्रिकेवर वेळ सकाळी आठची. आठ वाजता मैदानावर फक्कीच्या रेषा होत्या, रांगेत उभे केलेले संघ होते आणि माइकवर ‘हॅलो, चेक’ म्हणणारा एक मुलगा होता. प्रमुख पाहुणे वाटेत होते. पाहुणे जितके मोठे तितकी ही वाट लांब असते, त्यामुळे पुढचे अडीच तास आम्ही त्यांच्या मोठेपणाचा नुसता अंदाज घेत बसलो.

मैदानावर सावली दोनच ठिकाणी होती. एक मंडपाची. तिथे सोफा, सोफ्यापुढे काचेचं टेबल, टेबलावर काजू, आणि दोन्ही बाजूंना कूलर. सोफ्यामागे गादीच्या खुर्च्या प्राचार्यांच्या दर्जाच्या लोकांसाठी, त्यामागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या प्राध्यापकांसाठी. शिपाई मंडपाच्या कडेला, अर्धे आत, अर्धे बाहेर. विशेष म्हणजे मंडपाचं तोंड स्टेजकडे होतं आणि स्टेजच्या मागे मैदान. स्टेजवरच्यांची पाठ खेळाकडे, आणि सोफ्यावरच्यांना मैदानाच्या जागी दिसतो तो फ्लेक्स. खेळ दिसणार नाही अशी बसण्याची व्यवस्था करायला डोकं लागतं. ते इथे मन लावून वापरलं होतं.

दुसरी सावली लेफ्ट फील्डच्या मागच्या कडुनिंबाची. मार्चमधला कडुनिंब म्हणजे जुनी पानं झडलेली, नवी पालवी कोवळी. सावली पडते ती चाळणीतून पडल्यासारखी. तिच्यात राखीव खेळाडू, पालक, एक मठ्ठेवाला आणि प्रस्तुत प्रेक्षक असे सगळे होतो. ऊन सरकेल तसे आम्ही सगळे खोडाभोवती सरकत होतो. बाराच्या सुमारास सावली खोडापाशी गोळा झाली आणि आमच्यात आपापसांत ओळखी वाढल्या.

हा खेळ १८८७ साली शिकागोत जन्मला, तोही एका बोट क्लबाच्या छताखाली, नोव्हेंबरच्या थंडीत. मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याची बॅट. पुढे छत गेलं, खेळ उघड्यावर आला. आपण त्यातलं छत तेवढं परत आणलं आणि पाहुण्यांवर घातलं.

साडेदहाला पाहुणे आले. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. मग त्यांच्या सोबत आलेल्यांचे सत्कार. मग सत्कार करणाऱ्यांचे सत्कार. मुली सावधानमध्ये उभ्या. ‘खेळाने शरीर कणखर होते,’ असं पाहुणे कूलरच्या वाऱ्यात सांगत असताना दुसऱ्या रांगेतली एक मुलगी मटकन खाली बसली. सूत्रसंचालकानं प्रसंगावधान राखून टाळ्या मागितल्या.

उद्घाटनाला पाहुण्यांनी बॅट हातात घेतली ती सचिनसारखी, टोक जमिनीला टेकवून. पिचरनं अदबीनं चेंडू लोटला, तो पाहुण्यांच्या पायाला लागला. क्रिकेट असतं तर पायचीतचं अपील झालं असतं. इथे फोटो झाला.

खेळ सुरू झाला आणि मी सगळं विसरलो, हे कबूल केलं पाहिजे. पिचर आणि बॅटर यांच्यात अवघं ४३ फुटांचं अंतर. हात चक्रासारखा फिरवून कमरेखालून सोडलेला चेंडू ताशी १०० किलोमीटरनं आला, तर ठरवायला अर्धा सेकंदही मिळत नाही. आपल्याकडे एका फायलीवर सही करायची की नाही, हे ठरवायला लागणाऱ्या वेळाशी याची तुलना करू नये. अॅल्युमिनियमची बॅट इतकी तापलेली की मुली ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत. कॅचरच्या अंगावर तर हेल्मेट, छातीचं कवच, पायांना गार्ड. त्या सरंजामात ती प्रत्येक चेंडूला उकिडवी बसत होती. तिच्या मागे अम्पायर, त्याच्याही तोंडावर मास्क. अख्ख्या मैदानात उन्हाबद्दल तक्रार न करणारे एवढे दोघेच; बोलण्याइतका घसाच ओला नसावा.

माझ्या शेजारी डोक्याला बागायती रुमाल बांधलेले एक काका होते.

“तुमची पोरगी कोणती, काका?”

“ती थर्ड बेसवाली.”

“खेळ कळतो का?”

“खेळ नाही कळत भो. पाच टक्के कळतात.”

सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण त्यांना तोंडपाठ होतं. कोणत्या स्तरावरचं प्रमाणपत्र कुठल्या वर्गाच्या पदाला चालतं, पडताळणी कुठे होते, कागद किती लागतात, सगळं. पोरगी तिकडे पळून होम प्लेटवर आली, आमच्या बाजूनं आरडाओरडा झाला, तेव्हा त्यांनी मला शांतपणे विचारलं, “याचं सर्टिफिकेट मिळंल ना?” मैदान न पाहता प्रमाणपत्र मिळवलेल्यांच्या बातम्या मधल्या काळात महाराष्ट्रानं वाचल्या आहेत. काकांनी त्याही वाचल्या होत्या. “आपली पोरगी उन्हात पळते, हाच घोळ आहे,” ते म्हणाले.

अंतिम सामना चारला होता. पण बक्षीस समारंभाच्या पाहुण्यांना पाचला एका लग्नात आशीर्वाद द्यायचे होते. त्यामुळे बक्षीस समारंभ आधी झाला. दोन्ही संघांना करंडकाला हात लावून उभं केलं, दोन्ही फोटो काढले, आणि ‘निकाल लागेल तसा योग्य तो छापू’ असं ठरलं. पाहुणे गेले, त्यांच्यामागे सोफ्यावरचे गेले, मग गादीवरचे. मंडपवाल्यालाही त्याच लग्नाचा मांडव बघायचा होता. त्यानं दोऱ्या सोडल्या, कूलर टेम्पोत चढवले, स्टेजच्या फळ्या काढल्या आणि दिवसभरात पहिल्यांदाच बॅकस्टॉपच्या मागून मैदान नीट दिसायला लागलं. आम्ही कडुनिंब सोडून तिकडे धावलो.

सामना सात डावांचा होता, आणि तो सातव्या डावापर्यंत एका धावेच्या फरकानं चालला. शेवटच्या बॅटरचा तिसरा स्ट्राइक कॅचरच्या ग्लव्हमध्ये आपटला तसा काकांनी रुमाल काढून हवेत फेकला. पोरगी जिंकली होती.

मग करंडकाची शोधाशोध सुरू झाली. क्रीडा विभागाच्या सरांनी तीन ठिकाणी फोन लावले, तेव्हा कळलं की तो पुष्पगुच्छांबरोबर पाहुण्यांच्या गाडीत गेलाय. सर म्हणाले, उद्या मागवून घेऊ. पोरींनी त्यांचं ऐकून घेतलं, पाण्याचा रिकामा जार डोक्यावर उचलला आणि फोटोसाठी उभ्या राहिल्या.