शुक्रवारपर्यंत

नागपुरात कळमन्याच्या बाजार समितीत आंबिया बहाराची संत्री उतरू लागली की सकाळच्या उन्हालासुद्धा आंबटगोड वास येतो. मिरचीच्या दिवसांत मात्र बोली लावणारा आणि ऐकणारा एका सुरात शिंकतात. अशा गलबल्यात तिथल्या एका अडत्याचे दिवाणजी चष्मा कपाळावर सारून मोबाइलवर इंग्रजी लिहीत बसतात. जन्मभर खातेवहीत एका रुपयाची चूक न केलेला हा माणूस ‘इन’ की ‘ऑन’ इथे येऊन शाळकरी पोरासारखा थबकतो.

दोष त्यांचा नाही. मराठीत ‘वर’, ‘खाली’, ‘पर्यंत’ ही मंडळी नामाच्या मागून, पाहुण्याची पिशवी धरून चालणाऱ्या भाच्यासारखी निमूट येतात. इंग्रजीत तीच पुढे होऊन दार अडवतात, आणि वर त्यांचे रुसवेफुगवे. माणूस मोटारीत ‘इन’ असतो, पण बसमध्ये बसला की ‘ऑन’. टपावर चढला नसला तरी. आमच्या मास्तरांनी डस्टर टेबलावर नि टेबलाखाली नाचवून ही अव्ययं शिकवली. तेवढ्या टेबलापुरतं आमचं इंग्रजी आजही निर्दोष आहे. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं, त्याला पावणेदोनशेहून अधिक वर्षं झाली. तरी ‘कळमन्याले जातो’ आणि ‘पोराले देतो’ ही दोन्ही कामं नागपूरकर एकाच ‘ले’वर अजून बिनतक्रार उरकतो.

परवा दिवाणजींनी बंगळुरूच्या पार्टीला लिहिलं, ‘सेंड पेमेंट टिल फ्रायडे.’ म्हणजे शुक्रवार येईस्तोवर पैसे पाठवतच राहा. अडतीच्या धंद्यात याहून देखणी चूक मी पाहिलेली नाही. आपलं ‘पर्यंत’ मनानं मोठं. मुदतही तेच सांगतं आणि सातत्यही. इंग्रजीनं त्याची वाटणी करून ‘बाय’ आणि ‘टिल’ वेगळे बिऱ्हाडाला ठेवले.

हिशेबाला बसणाऱ्या, बी.कॉम. झालेल्या मुलीनं हळूच ‘टिल’ खोडून ‘बाय’ केलं. दिवाणजींनी विचारलं, “का वो बाई, असं लिहिलं तर शुक्रवारी पैसे येतील?”

“व्याकरणानं तरी येतील, काका.”

पार्टीचं उत्तर लगेच आलं: ‘नोटेड.’ त्यात मागेपुढे एकही अव्यय नव्हतं, आणि वारही नव्हता.