पडलेलं उचलायचं नाही

ऑक्टोबर, रविवार रात्र
(कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात, तिसरीपर्यंत जमेल तेवढं)

ती. आई आणि नाना,


पार्सल पोचलं. काळा मसाला शाबूत, कुरडयांचा मात्र भुगा. तो भिजवून कांद्यावर परतला. ह्यांना वाटलं, तू भाजीसाठी मुद्दामच चुरून पाठवल्यास. मी काही बोलले नाही.

आणि आई, टीव्हीवर अमेरिकेतला बर्फ दिसला की आमच्या पहाटे साडेतीनला फोन करू नकोस. तो बर्फ दुसरीकडचा असतो. इथे न्यू जर्सीत अजून स्वेटरवर भागतंय. बिबट्या तुमच्या उसात, रात्रीच्या लाइटच्या आठवड्यात नाना दोन वाजता मोटर चालू करायला जाणार, आणि काळजी आमची! काठीला आणि बॅटरीला बिबटे भीत असते तर माणिकडोहचं बिबट्यांचं केंद्र कधीच ओस पडलं असतं. नाना, एकटे जाऊ नका.

तुम्ही बांधावर सफरचंदाची दोन रोपं लावलीत म्हणून काल मुद्दाम हडसन खोऱ्यातली एक बाग बघून आलो. घरचीच बाग, आजोबांपासूनची. झाडं डेरेदार असतील असं वाटलं होतं, पण ती आपल्या द्राक्षासारखी तारांवर बांधलेली, माणसाच्या हाताला येतील एवढीच. भोवती हरणांसाठी आठ फुटी कुंपण. आपल्याकडे कोणासाठी घालावं लागेल ते सांगायला नको.

आता भाव ऐका, आणि बसून ऐका. आत जायला माणशी तिकीट. मग रिकामी पिशवी विकत घ्यायची, साधारण नऊ किलोची, ४५ डॉलर. म्हणजे चारेक हजार रुपये झाले. तोडायची कोणी? आपणच! नाना, तुम्ही टोमॅटो तोडायला गाडी पाठवून, चहा पाजून मजूर आणता, तरी निम्मे येत नाहीत. इथे मजूर स्वतःच्या गाडीने येतात, तिकीट काढतात, फोटो काढतात, आणि जाताना मालकाला थँक्यू म्हणतात. पुढच्या हंगामात पुणेकरांना बोलवा. फक्त भाव सांगताना हसू नका.

टोमॅटोचा क्रेट काय गेला ते या वेळी तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणजे पडलाच असणार. २०२३ च्या जुलैत दोन हजारांवर गेला तेव्हा सगळ्या भावकीला फोन केले होतेत. मसाल्याच्या पुडीला गुंडाळलेल्या पेपरात नारायणगावचे बाजारभाव होते, पण तेलाने नेमका आकडाच खाल्लाय.

शिट्टी झाली. वरणाला फोडणी देऊन आले.

तर नियम. फळ ओढायचं नाही, वर उचलून मुरडायचं, नाहीतर शेजारचा पुढच्या वर्षीचा डोळा तुटतो. हा तुम्हाला पटेल. पण खाली पडलेलं फळ उचलायचं नाही! हरणांच्या लेंड्यांतून जंतू येतात म्हणे. झाडांखाली लालभडक सडा, गुऱ्हाळाजवळ येतो तसा गोड-आंबूस वास, आणि पाटी: उचलू नये. आई, वैशाखात रात्री वारा सुटला की आजी आम्हाला उठवून गावठी आंब्याखाली पाठवायची. पडलेला आंबा ज्याला सापडेल त्याचा. कंदील, टोपली, आणि शेजारच्यांच्या आधी पोचायचं. मी त्या पाटीसमोर बराच वेळ उभी राहिले. ह्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, ऊन लागतंय डोळ्याला. ऊन नव्हतं.

एक उचललं. जॅकेटच्या खिशात. ह्यांनी बघितलं आणि दुसरीकडे बघितलं. जावई चांगला निवडलात.

तुमच्या रोपांचं विचारलंत. इथल्या जातींना सात अंशांच्या खाली हजारेक तास थंडी लागते. ती जुन्नरला कुठून आणणार? पण तुमची एचआरएमएन-९९ असेल तर आशा आहे. ती बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी कमी थंडीसाठीच काढली, २०२५ ला त्यांना पद्मश्री मिळाली. ते फळ जूनमध्ये येतं. म्हणजे ऐन आंब्यांच्या पंगतीत. कोण विचारणार बिचाऱ्याला?

आई, मंचरच्या आत्याला सांग, मी वाळलेली नाही, फोटो लांबून काढलाय. तिच्या जावेच्या मासवडीबद्दल तिने जे लिहिलंय ते मी कोणाला सांगणार नाही, फक्त ह्यांना वाचून दाखवलं. बेल्ह्याच्या बाजारातून आणलेला गोऱ्हा शर्यतीच्या घाटात पळाला की उलटा फिरला, ते मात्र सविस्तर कळवा. दादा फोनवर विषय बदलतो.

तुमची,
माई

ता. क. खिशातलं सफरचंद तुमच्या त्या तेलकट पेपरात गुंडाळून ठेवलं होतं. आज धुऊन चौघांत कापलं. जरा आंबट निघालं. बारकीने बी कुंडीत लावलीय आणि तेवढ्यात दोनदा पाणीही घातलंय. बीचं झाड मूळ झाडासारखं फळत नाही, कलमच बांधावं लागतं, हे मी तिला सांगितलेलं नाही. नाना, तुम्हीही फोनवर बोलू नका.