गुपचूप इंटरव्ह्यूवाला

चंद्रपूर जिल्ह्यात पहिली नोकरी सोडू पाहणारा इंजिनिअर साधारण दीड-दोन वर्षांच्या अनुभवाचा असतो. डिप्लोमा किंवा बीई, मेकॅनिकल नाहीतर इलेक्ट्रिकल. कामाला गडचांदूर, आवारपूर, उपरवाहीकडच्या सिमेंट कारखान्यात, नाहीतर घुग्घुसला, आणि बरेचदा ठेकेदाराच्या पेरोलवर. अडचण एवढीच, की इथले सगळे कारखाने मोटारसायकलच्या टप्प्यात आहेत. सुरजागडच्या लोहखनिजामुळे आता गडचिरोलीतल्या कोनसरीचीही त्यात भर पडली आहे. त्यामुळे इथे इंटरव्ह्यू गुपचूप देता येत नाही. गुपचूप दिल्यासारखा देता येतो.

तयारी रजेपासून सुरू होते. कारण हंगामावर ठरतं: मे महिन्यात तेंदूपत्ता, जुलैत धानाची रोवणी, दिवाळीनंतर गावची मंडई आणि रात्रीचं नाटक. साहेबही याच वाटेने वर आलेला असल्यामुळे तो रजेच्या अर्जावर सही करतो आणि वर 'बेस्ट ऑफ लक' म्हणतो.

पोशाखाचे नियम पुण्या-मुंबईचे, ऊन मात्र चंद्रपूरचं. पारा 45 च्या वर असताना टाय बांधणं हीच खरी पात्रता परीक्षा. घुग्घुसच्या रस्त्याने बूट काळे होतात, म्हणून उमेदवार चपलेवर येतो आणि गेटसमोरच्या पानठेल्यावर पिशवीतून बूट काढून चढवतो. पानठेलेवाला विचारतो, "काऊन सोडून राहिला भाऊ?" तेव्हा खरं उत्तर मिळतं: "सुपरवायझर लय डोकं खाते, ओव्हरटाइमचे पैसे भेटत नाही." दहा मिनिटांनी आत हाच प्रश्न हिंदीत येतो. तेव्हा उत्तर असतं, "ग्रोथ के लिए."

जुन्या साहेबाची निंदा करू नये, हा शिष्टाचार जगभर आहे. इथे त्याला व्यावहारिक आधारही आहे, कारण समोर बसलेला गृहस्थ दोन वर्षांपूर्वी त्याच साहेबाच्या हाताखाली असतो. अपेक्षित पगार विचारल्यावर 'कंपनीच्या नियमाप्रमाणे' म्हणायचं आणि आकडा मनात ठेवायचा. कंपनीही तेच करते. कधी रुजू होणार, याला 'उद्या' हे उत्तर चुकीचं. जो आजची कंपनी नोटिशीविना सोडतो, तो उद्या आपलीही सोडेल, असा हिशेब समोरच्याने मांडलेला असतो.

बायोडाटातून वगळलेली तीन महिन्यांची नोकरी पीएफमुळे उघडी पडते. यूएएन हा 12 अंकी क्रमांक आयुष्यभर एकच असतो, आणि प्रत्येक मालक त्यात नोंदलेला असतो. ग्रॅच्युइटीचं दुःख मात्र या वर्गाला नसतं: 1972 च्या कायद्याने तिच्यासाठी सलग 5 वर्षं मागितली होती, आणि एवढा काळ एका गेटवर काढण्याचा प्रसंगच आलेला नसतो.

रिलिव्हिंग लेटर हातात पडेपर्यंत उमेदवार जुन्या कंपनीची मनापासून स्तुती करतो. पुढेही ती आवरती घेत नाही, कारण वर्ष-दोन वर्षांत वाढीव पगारावर त्याच गेटने परतणारे कमी नाहीत. तेव्हा प्रश्न येतो, "गये क्यों थे?" उत्तर तयारच असतं.