दोन हात ताप

आमचं कुरुंदवाड तसं कानाचं गाव. पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर 1872 साली इथंच जन्मले. लहानपणी दत्तजयंतीला फटाका तोंडाजवळ फुटला, दृष्टी अधू झाली, आणि पोराला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला धाडलं. पुढं 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. म्हणजे याच मातीतल्या एकाचे डोळे गेले, तर त्यानं कानांच्या जोरावर अख्खा देश पालथा घातला. माझे डोळे या वयातही सुईत दोरा ओवतात. कानांनी मात्र मला शेजारच्या परसापर्यंतसुद्धा अब्रूनं पोचू दिलं नाही.

यातही इचलकरंजीचाच हात आहे. विठ्ठलराव दातारांनी 1904 साली तिथं पहिला यंत्रमाग आणला, आणि पुढं कधीतरी मी तिथल्याच एका कारखान्यात दिवाणजी म्हणून चिकटलो. माझं टेबल मागांच्या दारातच. धोटा या टोकाहून त्या टोकाला आदळायचा, आणि मी त्या खडखडाटात पगाराच्या वह्या लिहायचो. दिवसाचे आठ तास 85 डेसिबलच्या वर बसलं की कान झिजायला लागतात म्हणतात. मागांचा आवाज त्याच्या कितीतरी वर. कामगार सगळं खुणांनीच बोलायचे. कांडी संपली, बीम उतरला, मालक आला. यातली शेवटची खूण सगळ्यात आधी पोचायची. तिकडं लँकेशायरच्या गिरण्यांत बायका ओठ ताणून-ताणून बोलायच्या, त्या बोलण्याला ‘मी-मॉ’ असं नावच पडलं होतं. आम्ही बिननावाचं तेच करत होतो. सगळा धंदा कापसाचा, पण कानात दोन बोळे घालावेत हे एकालाही सुचलं नाही. (कापसानं फारसं काही अडत नाही, हे नंतर कळलं. पण सुचायला काय हरकत होती?)

मी बहिरा आहे हे मात्र मला साफ नामंजूर होतं. ट्रॅक्टर ऐकू यायचा, एसटीचा हॉर्न ऐकू यायचा, शेजारच्या अण्णांचं घोरणं भिंतीतून ऐकू यायचं. अडचण लोकांची होती. हल्ली सगळे पुटपुटत होते. आमची ही सुद्धा. “अहो, जरा दाखवून घ्या,” असं ती पुटपुटली, तेही मी ऐकलं नाही.

मग आला 2019 चा ऑगस्ट. कृष्णा आणि पंचगंगा दोघी मिळून गावात शिरल्या आणि निघताना चिखल ठेवून गेल्या. आम्ही घरी परतलो होतो. जिकडंतिकडं ब्लिचिंग पावडरचा वास, आणि शेजारी पाणी उपसायची मोटर धडधडत होती. तेवढ्यात अण्णांची सून परसाच्या भिंतीवरून ओरडली, “काका, पोराच्या खोलीत साप आलाय!”

मला ऐकू आलं ते एवढंच: पोराच्या खोलीत काहीतरी ‘आप’ आलाय. पूर नुकताच ओसरलेला, लेकरू लहान, रोगराईचे दिवस. दिवाणजीच्या मेंदूला ताळेबंदात रिकामी जागा सहन होत नाही. त्यानं तिथं ‘त’ भरला आणि बेरीज जुळवून टाकली.

“कधीपासनं?” मी विचारलं.

“आत्ता बघितला!”

“किती आहे?”

“दोन हात तरी असंल!”

यातलं ‘दोन’ मला स्पष्ट ऐकू आलं. एकशे माझे. “घाबरू नको. एकशेदोन म्हणजे काही फार नव्हे. कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेव.”

ती बघतच राहिली. “कुनाच्या?”

“ज्याला आलाय त्याच्या! आणि गोधडीत गुंडाळू नकोस. अंग ओल्या फडक्यानं पुसून काढ.”

“काका, साऽऽप! साऽऽप!”

“कळलं गं. ओरडू नकोस, मी काय बहिरा आहे?”

घरात जाऊन मी थर्मामीटर घेतला, तापाची गोळी घेतली, अर्धी चुरून द्यायला चमचाही घेतला. शेजारी पोचलो तर सगळं घर पलंगावर उभं. पोर आजीच्या कडेवर खिदळत होतं. मी त्याच्या कपाळाला हात लावला आणि म्हणालो, “हे तर गार आहे.” आजीनं बोट केलं. ट्रंकेच्या खालून दोन हात लांबीचं प्रकरण माझ्याकडं बघत होतं आणि माझ्या हातात थर्मामीटर होता. त्यानंतर मी पलंगावर कसा आलो, हे पलंगावरच्या कुणालाच सांगता येत नाही. सर्पमित्र पोरगं आलं, त्यानं ते हातानं उचलून बरणीत घातलं. “दिवड हाय, बिनविषारी. पान्याबरोबर आली आसंल,” म्हणाला. मग माझ्या हाताकडं बघून त्यानं विचारलं, “हे कशाला?”

गावानं ही गोष्ट पुराच्या पाण्यापेक्षा लांब पोचवली. मला मिरजेला जावंच लागलं.

तिथं एका काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. पहिले आवाज खर्जातले, ते मी रुबाबात टिपले. मग आवाज येईनासे झाले. काचेपलीकडच्या बाईंचा कोपर हलला की मी बटण दाबायचो. कोपर मग नुसताच हलू लागला, आणि मी दाबतच राहिलो. बाईंनी निमूटपणे खुर्ची वळवून माझ्याकडं पाठ केली.

पुढची परीक्षा शब्दांची. बाई तोंडापुढं कागद धरून म्हणायच्या, मी तेच म्हणायचं. आंबा, लोणी, वांगी, सगळं बरोबर. खाण्याच्या बाबतीत कान शाबूत आहेत, असं मी म्हणणार तोच गाडी घसरली. त्या म्हणाल्या साठ, मी म्हणालो आठ. काचेचे पाच झाले. खाटेची वाट लागली.

आलेख हातात आला. डावीकडं खर्ज, उजवीकडं उंच स्वर. रेघ जितकी खाली तितका कान कामातून गेलेला. माझी रेघ आमच्या घाटासारखी होती: थोडं सपाट चालायचं आणि मग पायऱ्यांनी थेट नदीत. सगळ्यात खोल पाणी 4000 हर्ट्झच्या आसपास. गोंगाटात काम केलेल्यांचा खड्डा नेमका तिथंच पडतो, असं डॉक्टर म्हणाले. कानातल्या शंखाच्या आकाराच्या नळीत तोंडाशी उंच स्वर टिपणाऱ्या पेशी, आत टोकाला खर्जाच्या; झीज तोंडाकडच्या बाजूला आधी होते. आ, ओ, म, न यांचं बळ खालच्या पट्टीत. स, श, त, ठ, ख, फ ही नुसती हवा, आणि तिची ओळख वरच्या पट्टीत. आवाज किती मोठा आहे ते स्वर सांगतात, माणूस काय म्हणतोय ते बहुतेक व्यंजनं. मला माणसं ऐकू येत होती, काय म्हणतात ते नव्हतं. अण्णांच्या सुनेनं ‘साऽऽप’ म्हणून बोंब ठोकली तेव्हा फुगला तो ‘आ’. ‘स’ जिथल्या तिथं. वर मोटरची धडधड.

“पेशी परत येतील?” मी विचारलं. माणसाच्या येत नाहीत. एका कानात त्या साधारण पंधरा हजार, गेलेली गेली. कोंबडीच्या मात्र पुन्हा उगवतात, हे 1980 च्या दशकात सापडलंय. तेव्हापासून परसातल्या कोंबड्यांकडं मी जरा आदरानं बघतो.

मशीन घेतलं. त्यानं आवाज वाढवला, पण झिजलेल्या कानाची दोन आवाजांतला फरक पाडायची धार मशीननं परत येत नाही. ‘स’ आता येतो, पण ‘श’चा सदरा घालून येतो. आणि हळू ऐकू न येणारा कान मोठ्या आवाजाला मात्र भलताच नाजूक. मोरीत ताट पडलं की मी दचकतो, पेढ्याच्या पुड्याचा कागद चुरगळला की डोळे मिटतो. हिचं पुटपुटणं पहिल्यांदा स्पष्ट ऐकलं, त्या दिवशी मशीन दुपारभर डबीत होतं.

मिरजेच्या बाईंनी घरच्यांसाठी नियम दिले. समोर येऊन बोला, आधी हाक मारा, ओरडू नका. आणि एकदा न कळलेला शब्द तोच पुन्हा मोठ्यानं म्हणण्यापेक्षा दुसरा शब्द वापरा. सून त्या दिवशी ‘लांबडं’ म्हणाली असती तर मी भिंतीवर असतो. हा नियम शेजारच्या घरानं फारच मनावर घेतला. तेव्हाचं खिदळणारं पोर आता शाळेत जातं. परवा ते दारात आलं, माझ्यासमोर बरोबर उभं राहिलं, आधी हाक मारली आणि हळू, सुटं-सुटं बोललं, “आजोबा, आईनं ताक मागितलंय. ताक म्हंजे घुसळलेलं दही. चाक न्हवं. पाट न्हवं.”

“ऐकू येतंय रे,” मी म्हणालो आणि आत हाक दिली, “अगं, याला एक पाट दे. आणि ते सायकलचं जुनं चाक कुठं ठेवलंय?”