मागची पानं

मराठवाड्याच्या इतिहासावरचं किंवा समाजजीवनावरचं नवं पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटची पानं उघडतो. तिथे सूची हवी असते. व्यक्तींची नावं, गावांची नावं, संस्था, विषय आणि त्यांच्यापुढे पानांचे आकडे. बहुतेक वेळा तिथे त्याच प्रकाशनाच्या इतर पुस्तकांची यादी असते, किमतीसकट.

मी जळकोट तालुक्यात इतिहास शिकवतो. हैदराबाद मुक्तिसंग्रामावर इथल्या प्राध्यापकांनी चांगलं काम केलं आहे. गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांशी बोलून ठेवलं आहे. रझाकारांच्या काळात कोणत्या गावात काय झालं, कोणत्या तांड्यावर कुणी कुणाला लपवलं, कोणत्या पाटलाने काय केलं, हे त्या पुस्तकांत आहे. ती माणसं आता राहिलेली नाहीत, त्यांनी सांगितलेलं तेवढं छापून उरलं आहे. वाढवणा किंवा घोणशी गावचा विद्यार्थी विचारतो, सर, आमच्या गावाचं यात काही आहे का? सूची असती तर मिनिटात सांगता आलं असतं. नाही म्हणून तीनशे पानं पहिल्यापासून चाळावी लागतात. इतका वेळ बीएच्या विद्यार्थ्याकडे नसतो, तो पुस्तक परत करतो.

प्रकाशकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. ‘सर, सूची कोण बघतंय? आठ-दहा पानं वाढतात, फर्म्याचं गणित बिघडतं.’ सोळा पानांचा एक फर्मा, हे मला मान्य आहे. पण पुस्तकाचा मजकूर नेमका फर्म्याच्या शेवटच्या ओळीला क्वचितच संपतो. चार-सहा पानं बहुतेक वेळा उरतात, आणि जाहिरात छापली जाते ती त्याच पानांवर. निदान लहान सूचीपुरती जागा असते. माणूस बसवायचा नसतो. पानं पक्की झाल्यावर विषय जाणणारा एक माणूस आठवडाभर बसला तर तीनशे पानांच्या पुस्तकाची सूची होते. शंकर गणेश दात्यांनी १८०० पासून १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची संगणकाशिवाय केली. हे काम मराठीत कसं करायचं हे कुणाला ठाऊक नाही, असं कुणी म्हणू नये.

जळकोटच्या बाबतीत सूचीचा प्रश्न आणखी नाजूक आहे, कारण जळकोटं दोन आहेत. एक आमचं, लातूर जिल्ह्यातलं. दुसरं तुळजापूर तालुक्यातलं, नळदुर्गजवळ, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं. पुस्तकात नुसतं ‘जळकोट येथे सत्याग्रह झाला’ असं वाक्य येतं. कोणत्या जळकोटला? चांगल्या सूचीत दोन नोंदी वेगळ्या होतात, कंसात तालुका येतो. आणि सूची करायला बसलेल्या माणसालाच हा प्रश्न पडतो, मग तो लेखकाला फोन करतो आणि मजकुरातली संदिग्धता छापण्याआधी निघते. सूची करणं म्हणजे पुस्तकाची शेवटची तपासणीही असते. ती टळली की चूक तशीच छापली जाते आणि पुढच्या प्रबंधात उतरते.

इथेच दुसरी तक्रार येते. नामपानाच्या मागे पहिल्या आवृत्तीचं वर्ष नसतं. ‘द्वितीय आवृत्ती’ एवढंच असतं, किंवा नुसती तारीख असते आणि ती कशाची ते कळत नाही. बाहेरच्या माणसाला हे क्षुल्लक वाटेल. आमच्या भागात या वर्षावर अर्थ ठरतो. उदगीर तालुका हैदराबाद संस्थानात बीदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला. ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा तो लातुरात आला. जळकोट तालुका तर अलीकडचा, बराचसा उदगिरातून निघालेला. म्हणजे १९५६ ते १९८२ या काळात दोन्ही जळकोटं एकाच उस्मानाबाद जिल्ह्यात होती. आता ‘उस्मानाबाद जिल्ह्यातील जळकोट’ असं छापलेलं मी वाचतो. लेखकाने हे १९७५ ला लिहिलं असेल तर ते दोन्हींपैकी कोणतंही असू शकतं. १९९५ ला लिहिलं असेल तर नळदुर्गजवळचंच, किंवा मग जुन्या साधनातून जसंच्या तसं उचललेलं. एका वर्षाच्या आकड्याने हे बरंचसं सुटतं. तो आकडा छापायला पैसे पडत नाहीत.

मग अक्षरं. लेखक हल्ली मजकूर युनिकोडमध्ये टाइप करतो, निम्मा तर मोबाइलवर बोलून. डीटीपीवाला तो जुन्या फॉन्टमध्ये उतरवतो, कारण त्याचं पेजमेकर अजून त्यावरच चालतं. या उतरवण्यात रफार गळतात. माझ्यासमोर आत्ता समाजशास्त्राचं एक पुस्तक आहे, त्यात एका पानावर ‘वर्ग’ हा शब्द ‘वग’ असा छापलाय. ‘मार्ग’चं ‘माग’ झालंय आणि ‘अर्थ’चं ‘अथ’. माग हा शब्द मराठीत आहेच. विणकरांवरच्या प्रकरणात ‘उपजीविकेचे माग’ असं आलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं? तळटीपांचे आकडे याहून वाईट. ओळीच्या वर बसायचा बारीक आकडा खाली येऊन शेजारच्या सनाला चिकटतो. १९४८ पुढे दुसरी टीप असेल तर ‘१९४८२’ छापलं जातं. मुद्रितशोधकाला पैसे दिले असते तर हे पहिल्या प्रुफात निघालं असतं. पण श्रेयाच्या पानावर मुद्रितशोधकाचं नाव नसतं, कारण तो नेमलेलाच नसतो. लेखकानेच दोन दिवसांत प्रूफ बघून द्यावं असा निरोप येतो. स्वतःचं लिहिलेलं स्वतः वाचताना डोळा चूक दुरुस्त करूनच पुढे जातो, हे प्रूफ वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर आपल्याकडचे मराठी प्रबंध चढतात, हे चांगलं झालं. त्यातले कित्येक नुसते स्कॅन आहेत, शब्द शोधता येत नाही. तिथेही सूची नाही.

या सगळ्याचं मूळ कुठे आहे ते मला माहीत आहे, आणि ते लेखकाच्या आळसात नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १८ जुलै २०१८ च्या नियमावलीत पुस्तकाला गुण आहेत. आंतरराष्ट्रीय प्रकाशकाकडचं पुस्तक १२, राष्ट्रीय प्रकाशकाकडचं १०, संपादित ग्रंथातलं एक प्रकरण ५, अनुवादित पुस्तक ८. पदोन्नतीच्या फायलीत मुखपृष्ठाची झेरॉक्स, अनुक्रमणिकेची झेरॉक्स आणि आयएसबीएन लागतो. शेवटच्या पानाची झेरॉक्स कुणी मागत नाही. आयएसबीएन हा तेरा आकडी ओळखक्रमांक आहे. दिल्लीची राजा राममोहन राय संस्था तो फुकट देते आणि एकट्या लेखकालाही देते. पुस्तक कुणी तपासलं, कुणी वाचून सूचना केल्या, याच्याशी त्या क्रमांकाचा संबंध नाही. तरी छाननी समितीपुढे तोच पुरावा धरला जातो. नोकरी टिकवायला आणि वेतनश्रेणी मिळवायला माणूस पदरचे पैसे भरून शंभर प्रती छापून घेतो, त्यातल्या पन्नास घरी आणतो, बाकीच्या समितीत आणि सत्कारात जातात. या देवघेवीत वाचक येतच नाही. ज्याला पुस्तक विकायचं नाही त्याच्यासाठी सूची कोण करणार? मी या प्राध्यापकांना दोष देत नाही. संस्थेत पाच-सहा विषय सांभाळून, परीक्षेचं काम करून, रविवारी मुलाखतींना जाणारी ही माणसं आहेत. त्यांच्या कष्टाला शोभेल असं पुस्तक त्यांना मिळत नाही, हीच माझी तक्रार आहे.

विद्यापीठाचं पुस्तक लोकांच्या भाषेत काढणं ही या मातीला नवी गोष्ट नाही. जळकोट ज्या हैदराबाद संस्थानात होतं, तिथे १९१७ मध्ये दारुल तर्जुमा, म्हणजे अनुवादाचं खातं, निघालं आणि पुढच्या वर्षी उस्मानिया विद्यापीठ. भाषा उर्दू होती, इथल्या मराठी माणसाची नव्हती, हा अन्याय खराच. पण विद्यापीठाच्या ग्रंथांचा अनुवाद, त्यासाठी परिभाषा ठरवणारी मंडळी, हे सगळं सरकारने पगार देऊन चालवलं होतं. १९६८ नंतर केंद्राने प्रत्येक राज्याला विद्यापीठीय पुस्तकांसाठी एक कोटीपर्यंत मदत देऊ केली. आपल्याकडे नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ चाललं. त्या मंडळाची मी पाहिलेली बरीच पुस्तकं दिसायला साधी आहेत, कागद पिवळा पडलाय, पण मागे पारिभाषिक शब्दांची यादी असते आणि तिच्यावर विद्यार्थी अजून टिपा काढतात. आता आयोगाने जुलै २०२४ मध्ये ‘अस्मिता’ योजना जाहीर केली आहे. पाच वर्षांत भारतीय भाषांत २२,००० पुस्तकं. मराठीला अभिजात दर्जा त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मिळाला. या योजनेच्या अटींत सूची, परिभाषा आणि पहिल्या आवृत्तीचं वर्ष ही तीन कलमं घातली तर पुस्तकांचा आकडा थोडा कमी झाला तरी चालेल.

पुस्तक मिळण्याचंही थोडक्यात सांगतो. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने प्रत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. मराठवाड्यात असं एकही ठिकाण नाही. लातूरला छापलेलं पुस्तक जळकोटच्या वाचकाला पाहायचं असेल तर लेखकाला फोन करून मागावं लागतं. डिसेंबर २०२४ मध्ये पोस्टाचा पुस्तकांचा स्वस्त रजिस्टर दर बंद झाला, तेव्हा काही छोट्या प्रकाशकांनी पार्सल पाठवणंच सोडलं. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालंय, ३०० ग्रॅमला २० रुपये, पाच किलोला १०० रुपये. हे अनेकांना अजून माहीत नाही. मागवताना पत्त्यात ‘जि. लातूर’ ठळक लिहायला सांगतो, कारण एक पार्सल नळदुर्गकडच्या जळकोटला जाऊन आलं होतं.

एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला साहित्य संमेलन झालं. ग्रंथप्रदर्शनात कादंबऱ्या होत्या, चरित्रं होती, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं होती. मराठवाड्याच्या समाजजीवनावरचं संशोधन शोधत आमचे विद्यार्थी फिरत होते. विद्यार्थ्याला असं पुस्तक हवं असतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तो दोनशे रुपये घालायला तयार असतो. त्याच्या गावाचं नाव पुस्तकात आहे की नाही, एवढं त्याला उभ्या उभ्या कळलं पाहिजे.

म्हणून प्रत्येक नव्या पुस्तकानंतर मी प्रकाशकाला आणि लेखकाला दोघांनाही पत्र लिहितो. पुढच्या आवृत्तीत सूची घाला, असं आधी लिहीत होतो. या पुस्तकांची पुढची आवृत्ती निघत नाही. आता लिहितो की पुढच्या पुस्तकाच्या पहिल्याच आवृत्तीत घाला, आणि गावांची सूची करायला माणूस नसेल तर पक्की पानं मला पाठवा, मी करून देतो.