रोडगे-मीमांसा, अर्थात अंबाबरव्याला मुक्कामी कसे जावे

डोणगावात जंगलसहल ठरते ती चहाच्या टपरीवर, आणि ठरताना पहिला प्रश्न डोंगराचा निघत नाही. "गवऱ्या कोन आनते?" हा निघतो. पूर्वसूरींनी याला स्वयंपाकघरातली बाब समजून सोडून दिले. आम्हांला ते मान्य नाही. आमचा सिद्धान्त असा, की वऱ्हाडी माणसाच्या लेखी डोंगराला स्वतंत्र अस्तित्वच नसते. रोडगे खायला घरापासून जी लांबची, चढणीची जागा लागते, तिला तो डोंगर म्हणतो.

स्थळाविषयी दोन पक्ष आहेत. एक ज्ञानगंगावादी: अजिंठ्याच्या रांगेतले, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे अभयारण्य, बुलडाणा-खामगाव रस्त्यालगत. दुसरा अंबाबरवावादी: संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत, सुमारे १२७ चौरस किलोमीटर, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग. ज्ञानगंगावाद्यांचा पुरावा भक्कम आहे. टिपेश्वरचा एक पट्टेदार वाघ २०१९ च्या जूनमध्ये निघाला आणि तेराशेच्या वर किलोमीटर चालून डिसेंबरात ज्ञानगंगेतच येऊन थांबला. तेही व्हॉट्सॲप ग्रुप न काढता. त्यावर प्रतिपक्षाचे उत्तर एका ओळीचे: वाघाला वाटेत शेगावची कचोरी खायची नव्हती. अंबाबरवा बहुमताने मंजूर.

आता मूळ विषय. रोडग्याला कणीक जाडसर दळलेली हवी, तीत ओवा, मीठ आणि तेलाचे सढळ मोहन. गोळे निखाऱ्यात पुरायचे, वरची साल काळवंडली की उकरून गोणपाटात घोळवून राख झटकायची, मुठीने दाबून फोडायचे आणि त्या भेगेत तूप सोडायचे. सोबत वांग्याची भाजी, तर्रीदार. या साऱ्याला विस्तव लागतो, आणि इथेच शास्त्र अडते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम २८ अभयारण्यात शिरण्याची परवानगी अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि आतल्या रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार यांसाठी देते. रोडगे त्यात नाहीत. कलम ३० अभयारण्याला धोका होईल असा विस्तव पेटवू देत नाही. सातपुड्याचा वाळलेला सागपाचोळा पाहता तिथे धोक्याचा नसलेला विस्तव कुठून आणणार? मुक्कामालाही परवानगी लागते, मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही.

यावर 'घरभाज्ये' संप्रदायाचा तोडगा: रोडगे आदल्या रात्री घरीच भाजून न्यावेत. हे मत तपासायला आम्ही एक शिळा रोडगा हातात घेऊन पाहिला. कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात विनापरवाना शस्त्र नेता येत नाही. पुढे बोलायची गरज नाही.

उरला 'शेतवाद'. एका सदस्याचे डोणगावाबाहेर शेत आहे, विहीर आहे, बांधावर आंबा आहे, गवऱ्या गोठ्यातच आहेत. आक्षेप एवढाच, की तिथे डोंगर नाही. त्याचे खंडन शेतमालकानेच केले: "भाऊ, खाऊन झाल्यावर डोंगर चढनार हाय कोन?"

तंबू शेतातच ठोकावा आणि अंबाबरव्याला नंतर कधीतरी पहाटे गाडीने निघावे, असा ठराव सध्या विचाराधीन आहे. तारीख ठरलेली नाही. वांगी आणून झाली आहेत.