वड्यासकट वर्गणी

माझा भाचा अमेरिकेतल्या एका महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीत आहे. इकडच्या एखाद्या संस्थेसाठी ते दरवर्षी गाण्यांचा कार्यक्रम करतात आणि मी तो इथं नगरजवळच्या नागापुरात बसून फोनवर बघतो. शाळेचं सभागृह भाड्यानं घेतलेलं, शिवून तयार असलेल्या नऊवाऱ्या, मध्येच दुष्काळाची चित्रफीत. ती संपते न संपते तोच लावणी. मध्यंतरात बटाटावडा.

"अरे, नुसते पैसेच का पाठवत नाही? हॉलचं भाडं तरी वाचेल," मी म्हटलं.

"मामा, नुसतं मागितलं तर लोक बघू म्हणतात. वडा दिला की चेक फाडतात."

मला हे पटलं. आपल्याकडं तरी दुसरं काय होतं? सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करत हिंडले. हसून हसून पोट दुखलं की माणसाचा हात खिशाकडं जरा सैल जातो. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल केली, तेव्हा श्रोत्यांनी सतार जुळवण्यालाच टाळ्या दिल्या. मदतीच्या मैफलीला असाच उदार श्रोता लागतो! पुढं तिच्या ध्वनिमुद्रिकेचा आणि चित्रपटाचा बराच पैसा करखात्याच्या घोळात वर्षानुवर्षं अडकला. हे ऐकल्यापासून भाच्याच्या मंडळाचे खजिनदार गाण्याकडं कमी आणि पावतीपुस्तकाकडं जास्त लक्ष देतात.

अमेरिकेचा पैसा नगरला काही नवा नाही म्हणा. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन इथं आलं, ते तिकडच्या चर्चमधल्या वर्गणीच्या जोरावर. त्याच मिशनच्या सिंथिया फरारबाईंनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि सावित्रीबाई फुल्यांनी त्यांच्याकडं अध्यापनाचे धडे घेतले. तेव्हा परदेशी राहणारे लोक म्हणजे इथले अमेरिकन. आता तिकडचे मराठी. १९७८ पासून महाराष्ट्र फाउंडेशन त्यांचा पैसा इकडं पोचवतं आहे. नगरमध्येच १९८९ साली सुरू झालेल्या स्नेहालयाच्या मदतीसाठी तर इंग्लंडात स्वतंत्र संस्था आहे. चर्चमधल्या वर्गणीच्या थाळीच्या जागी तिकीट आलं, एवढाच फरक.

यंदा भाच्यानं माझ्यावर कामगिरी सोपवली. "मामा, पडद्यावर दाखवायला गावाकडचं दोन मिनिटांचं चित्रीकरण पाठव. नदी, पाणंद, असं काहीतरी."

नागापुरात! एमआयडीसीत मी पाणंद कुठून आणू? मनमाड रस्त्यावरच्या ट्रकांची रांग, कारखान्यांची पत्र्याची शेडं, पाळी सुटल्यावरच्या मोटारसायकली आणि सीना नदीचं पात्र, जसं आहे तसं, काढून पाठवलं. सीनेत त्या वेळी पाण्यापेक्षा प्लास्टिकच जास्त होतं.

त्याचं उत्तर लगेच आलं. समितीला चित्रीकरण आवडलं होतं, फक्त त्यात बैल नव्हते. पण काळजी करू नकोस म्हणाला, मंडळाची मुलं पुठ्ठ्याचे बैल रंगवतायत.